हेल्मेटवर फोटो लावा, पण मागे दोन बोटांची पट्टी तरी लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवतो. जागा नसेल तर कापा, फक्त हीट गनचा भाग तेवढा कापू नका.

हेल्मेट सक्ती, हेल्मेट कारवाई, हेल्मेट वाटप यांच्या बातम्या तुमच्या पेपरात येतच असतात आणि सोबत फोटोही असतो, हार घातलेले पाहुणे, मागे बॅनर, आणि पुढे ओळीत उभी पोरं डोक्यावर नवी कोरी हेल्मेटं घालून. मी त्या फोटोत माणसं बघत नाही, हेल्मेटवर काय चिकटवलंय ते बघतो, कारण तोच माझा धंदा आहे. कुडाळ बाजूला माझं रेडियमचं दुकान आहे. टाकीचे ग्राफिक्स, रिक्षाच्या काचेवरची नावं, दुकानांच्या पाट्या, काय म्हणाल ते कटिंग करून देतो. पूर्वी निम्मा गल्ला नंबर प्लेटवर चालायचा. एचएसआरपी, म्हणजे ती हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, आली आणि ते काम जवळजवळ गेलंच, ती प्लेट ठरलेल्या कंपनीकडूनच येते, आपण तिला हात लावायचा नाही. मग रेडियमवाल्यांनी करायचं काय, तर सगळे वळले हेल्मेटकडे. त्यात मोबाईलवर त्या रीला, एक माणूस काळं हेल्मेट घेतो, वर चकचकीत विनाईल, म्हणजे चिकटणारी प्लास्टिकची शीट, ओढतो, हीट गन फिरवतो आणि अर्ध्या मिनिटात हेल्मेट क्रोम. पोरं ते बघतात आणि दुकानात येतात.

आता शिमगा, गणपती, आंगणेवाडीची जत्रा, असं काही जवळ आलं की ही गर्दी वाढते. कोणाला ४६ नंबर पाहिजे, कोणाला ९३, म्हणजे मोटारसायकल रेसवाले रॉसी आणि मार्केझ, कोणाला आपल्या सिंधुदुर्गाचा एमएच ०७, कोणाला जय शिवराय, कोणाला देवीचं नाव. हे सगळं मी आनंदाने करून देतो, त्यात मला काही वावगं दिसत नाही. हेल्मेट घालायला कंटाळणारा पोरगा जर त्यावर आपल्या आवडीचा नंबर आहे म्हणून ते डोक्यावर घालत असेल तर चांगलंच आहे की. माझं भांडण आहे ते फुल रॅपशी, म्हणजे अख्खं हेल्मेट विनाईलने गुंडाळण्याशी. आणि दुसरं भांडण वाटपवाल्यांशी, त्यांच्याकडे नंतर येतो.

परवा एक जण आला, "काकानु, ह्या हेल्मेटाक फुल रॅप मारून दिवा, मॅट ब्लॅक." मी म्हटलं, "रे झिला, ह्या आधीच काळा असा मा, परत काळा कित्याक?" तर म्हणतो, "ह्यो काळो येगळो." आता यावर काय बोलणार.

पण मुद्द्याचं बोलतो. पहिली गोष्ट म्हणजे हेल्मेट गोल आहे आणि विनाईल सपाट. एक सोललेला नारळ घ्या आणि त्याला पेपरचा कागद एकही चुणी न पडता गुंडाळून दाखवा, नाही जमणार, कारण दोन्ही बाजूंनी वळणाऱ्या पृष्ठभागावर सपाट कागद बसतच नाही, एक तर तो चुरगळतो नाहीतर ताणावा तरी लागतो. कागद ताणला जात नाही, विनाईल ताणलं जातं, सगळा खेळ एवढाच. पण विनाईलमध्येही दोन जाती आहेत आणि गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही. एक कास्ट, म्हणजे पातळ ओतून भट्टीत सुकवलेलं, साधारण ५० मायक्रॉनचं, ते वळणावर गुमान बसतं आणि बसलं की बसलं. दुसरं कॅलेंडर्ड, म्हणजे रुळांत दाबून पातळ केलेलं, जास्त जाड, स्वस्त, आणि त्याला आपला मूळचा आकार आठवत असतो. आज ताणून बसवलं की छान दिसतं, मग मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या आरशावर हेल्मेट लटकवून तुम्ही बाजारात गेलात की ते हळूहळू मागे सरकायला लागतं, कडा उघड्या पडतात, आणि त्या कडेला गमाची काळी रेघ, तिच्यावर धूळ. बाजारात कार्बन फायबर म्हणून जे खरखरीत जाडं विनाईल स्वस्तात मिळतं ते बहुतेक दुसऱ्या जातीचं. आमच्याकडे तर हवेत मीठ, मालवण-वेंगुर्ल्याकडून रोज येजा करणाऱ्याच्या हेल्मेटवर बोट फिरवलं तर चिकट खारा थर लागतो, त्यावर नीट न धुता चिकटवलेलं काहीही पहिल्या पावसात सुटणारच.

पण हे झालं दिसण्याचं. दिसायला वाईट झालं तर पैसे गेले एवढंच. खरी भानगड हीट गनची आहे.

ते जाडं विनाईल गोल हेल्मेटवर बसवायचं म्हणजे गरम करावंच लागतं. हेअर ड्रायरने ते तेवढं मऊ होत नाही, मग हीट गन. हीट गनच्या तोंडाशी हवा ३०० ते ६०० अंशांपर्यंत जाऊ शकते, ती मशीन मुळात जुना रंग सोलायला, पाईप वाकवायला वगैरे असते. आणि हेल्मेट कशाचं बनलेलं आहे? बाहेरची कवटी बऱ्याच स्वस्त हेल्मेटांत एबीएस प्लास्टिकची असते, ते १०० अंशांच्या थोडं वर मऊ पडायला लागतं. आणि आत, कापडाच्या अस्तराखाली, जे पांढरं किंवा काळं थर्माकोलसारखं असतं ते खरंच थर्माकोलचंच भावंड आहे, पॉलिस्टायरीन, ते १०० अंशांच्या आसपासच ढिलं पडतं, आणि तो जो फुगवलेला दाणेदार थर आहे तो त्याच्याही थोडा आधी आक्रसायला लागतो. आता मला सांगा, ज्या थरावर तुमचं डोकं अवलंबून आहे, जो आपटल्यावर चुरगळून धक्का स्वतःवर घेतो आणि डोक्यापर्यंत कमी पोचवतो, एकदाच घेतो, पुन्हा फुगत नाही, त्याच्यावर बाहेरून गरम हवा मारायची आणि वर हसत हसत बिल द्यायचं? कवटी आणि थर्माकोल यांच्यात फट पडली तर ती बाहेरून दिसत नाही, कापड वर आहे ना. गिऱ्हाईक खूश, रील टाकून मोकळं. माझ्या दुकानात हीट गन आहे, लपवत नाही, ती गाडीच्या पत्र्यावर लागते, पण हेल्मेट घेऊन आलेल्यासमोर ती कपाटातून बाहेर येत नाही. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे जातं. जाऊदे.

दुसरं म्हणजे पेट्रोल. जुनं स्टिकर काढलं की गम राहतो, तो काढायला आपल्याकडे प्रत्येकाच्या हाताशी काय असतं, तर गाडीच्या टाकीतलं पेट्रोल, नाहीतर रंगाच्या दुकानातला थिनर. चिंधी भिजवायची आणि घासायचं, गम जातो, हेल्मेट चकचकीत, सगळं कसं छान. पण एबीएस आणि पॉलीकार्बोनेट ही प्लास्टिकं पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर असल्या गोष्टींना फार नाजूक असतात. तिथल्या तिथे काही दिसत नाही, पण प्लास्टिक आतून ठिसूळ होतं, केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि नेमकं जोर आल्यावर तिथून तडकतं. बऱ्याच कंपन्या हेल्मेटच्या आतल्या लेबलवर किंवा सोबतच्या कागदावर लिहितातच की रंग, स्टिकर, पेट्रोल, सॉल्व्हंट लावू नका म्हणून. तो कागद आपण हेल्मेट घेतल्या दिवशी पिशवीसकट टाकून देतो. आता कोणी म्हणेल, मग कंपनी स्वतःच कशी काय एवढी स्टिकरं लावते? कंपनीचं ग्राफिक्स असतं ते बहुतेक रंगावर बसवून वरून क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक रंगाचा, थर मारलेलं असतं, त्यांना आपलं प्लास्टिक आणि आपला गम माहीत असतो. रंग आणि क्लिअर कोट असलेल्या हेल्मेटवर चांगल्या विनाईलची छोटी स्टिकरं लावायला मी स्वतः घाबरत नाही. पण काही स्वस्त हेल्मेटांवर रंगच नसतो, नुसतं रंगीत प्लास्टिक, त्यावर कुठला गम, कुठला थिनर हे बघितल्याशिवाय हात लावू नये, आणि कंपनीने नाही म्हटलं असेल तर विषयच संपला. गम काढायचा असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ ठेवा, साबण लावा आणि अंगठ्याने गोळ्या करत सावकाश काढा. वेळ लागतो. लागूदे.

तिसरी गोष्ट पोलिसांच्या कामाची. फुल रॅप म्हणजे आयएसआयचा मार्क पण झाकला गेला. कायद्याला नुसतं डोक्यावर काहीतरी असून चालत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे ते बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, मानकाचं असावं लागतं, म्हणजे आयएस ४१५१, आणि १ जून २०२१ पासून तर आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच परवानगी नाही. कलम १९४ डी मध्ये हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित व्हायची तरतूद आहे. आता तुम्ही चांगलं दीड-दोन हजाराचं हेल्मेट घेतलंत आणि वरून सगळं गुंडाळून टाकलंत तर चेकनाक्यावरचा हवालदार कशावरून ओळखणार? आणि याच्या उलटा प्रकार जास्त वाईट. रस्त्याकडेला दोरीवर लटकवलेली ती हलकी टोपीवजा हेल्मेटं असतात ना, नखाने दाबली तर आत जातात अशी, ती घेऊन माणसं येतात आणि म्हणतात, दादा आयएसआयचं एक स्टिकर मारून द्या. साधं दोन मिनिटांचं काम, प्लॉटरला, म्हणजे स्टिकर कापायच्या मशीनला, फाईल टाकली की झालं. मी ते करत नाही. मार्कचा असा खोटा वापर गुन्हा आहेच, पण गुन्हा नसता तरी मी केलं नसतं, कारण त्या स्टिकरवर विश्वास ठेवून त्याची बायको मागच्या सीटवर तेच हेल्मेट घालून बसणार. काही ठिकाणी हे बिनदिक्कत मिळतं. ते कुठे मिळतं हे पत्रात लिहिण्याची माझी तयारी नाही, पण शोधणाऱ्याला सापडेल.

अजून एक, आणि हे माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं. रॅपखाली चीर दिसत नाही. हेल्मेट हातातून पडलं, गाडीवरून घसरून डांबरावर आपटलं, किंवा खरंच कुठे पडझड झाली, तर माणूस काय करतो, हेल्मेट फिरवून फिरवून बघतो, कुठे तडा गेलाय का. रंगावर चीर लगेच दिसते. विनाईल ताणलं जातं, फाटत नाही, खाली कवटी तडकलेली आणि वर मॅट ब्लॅक एकदम नवा. सेकंडहँड गाडीबरोबर "हेल्मेट फ्री" म्हणून मिळालेलं रॅप केलेलं हेल्मेट तर घेऊच नये.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, रेडियमवाला असून रेडियमच्या विरोधात लिहितोय, याचं दुकान चालत नसणार. तसं नाही. उलट माझं म्हणणं असं आहे की हेल्मेटवर स्टिकर पाहिजेच, फक्त योग्य ते आणि योग्य जागी.

आपल्याकडचा पावसाळा डोळ्यासमोर आणा. संध्याकाळी सातला अंधार, वरून सरी, गावागावातल्या रस्त्याला दिवे नाहीत, झाराप-पत्रादेवीकडे काय किंवा हातखंब्याकडे काय, हायवेवर मागून ट्रक येतोय. पुढे मोटारसायकल, तिच्यावर दोघं, दोघांचे रेनकोट काळे नाहीतर गडद निळे, कारण दुकानात दुसरे रंग मिळतच नाहीत म्हणा किंवा मळत नाहीत म्हणून आपण तेच घेतो म्हणा. हेल्मेट काळं. पाठीवरची सॅक काळी, तिच्यावर काळं रेनकव्हर. गाडीला मागे टेललाईट आहे, लाल रिफ्लेक्टर आहे, सगळं कायद्याप्रमाणे आहे, पण मागे बसलेल्याच्या रेनकोटचा घोळ खाली लोंबून नेमका त्या लाईटवर आलेला आहे. हे एकदा नीट बघा, पावसात कुठल्याही सिग्नलला नाहीतर पंपावर उभे राहून बघा, दर पाच-दहा गाड्यांमागे एक तरी अशी सापडेल. मग ट्रकवाल्याला दिसणार काय? आंबोलीत किंवा कशेडीत धुकं उतरलं असेल तर विचारूच नका. अशा वेळी त्या गाडीवरची सगळ्यात उंच आणि कशानेही न झाकली जाणारी वस्तू म्हणजे हेल्मेट. त्याच्या मागच्या बाजूला दोन बोटं रुंद रिफ्लेक्टिव्ह पट्टी असेल तर हेडलाईट पडल्याबरोबर ती लखकन पेटते. मोकाट गुरं रात्री रस्त्यात बसतात म्हणून त्यांच्या गळ्यात रेडियमचे पट्टे बांधायचे उपक्रम होतात, फोटो येतात, चांगलं आहे. मग गुराच्या गळ्यात चालतं ते माणसाच्या डोक्यावर का नाही?

हे माझ्या मनाचं नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला मोटारसायकलवाल्यांचा मोठा अभ्यास झाला होता, २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, त्यात रिफ्लेक्टिव्ह किंवा फ्लोरोसंट कपडे घालणाऱ्यांना अपघातात दुखापत व्हायचा धोका ३७ टक्के कमी दिसला, आणि काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना २४ टक्के कमी. पट्टीचा वेगळा आकडा त्यात नाही, पण दिसणं आणि न दिसणं यात फरक किती पडतो ते कळतं. फ्रान्समध्ये तर हेल्मेटवर पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टिव्ह स्टिकर लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि आमचा झिलगा पैसे मोजून काळ्यावर काळं चढवतोय.

आता पट्टी लावायची कशी ते सांगतो, हे घरीही होतं, माझ्याकडेच या असं अजिबात नाही. पहिलं म्हणजे खरी रिफ्लेक्टिव्ह शीट घ्या. चकचकीत चंदेरी विनाईल म्हणजे रिफ्लेक्टिव्ह नव्हे, आणि अंधारात हिरवं चमकणारं ते पण नव्हे. ओळखायची सोपी युक्ती, दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात शीट चार-पाच पावलांवर धरायला सांगा, मोबाईलचा टॉर्च लावून तो आपल्या डोळ्याला खेटून धरा आणि बघा. खरी असेल तर दिवा लागल्यासारखी भगभगेल, कारण तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात, ते उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. नुसती चकचकीत असेल तर तुम्हाला फक्त करडा तुकडा दिसेल. रंग पांढरा घ्या, तो सगळ्यात जास्त उजेड परत देतो, लाल-निळा दिसायला भारी पण बराच मंद.

ही शीट ताणली जात नाही, म्हणून लांबच लांब पट्टी गोल हेल्मेटवर लावायला गेलात तर चुण्या पडणार, आणि मग कोणीतरी हीट गन काढणार, तेच तर नको आहे. त्यापेक्षा दोन-अडीच इंचाचे तुकडे करा, मध्ये थोडी थोडी जागा सोडून लावा. प्रत्येक तुकड्याचे चारही कोपरे कात्रीने गोल करा. टोकदार कोपरा सगळ्यात आधी उठतो, वाऱ्याने, टॉवेलने, डिकीत कोंबताना, कशानेही. खालच्या रबराच्या पट्टीला चिकटवून लावू नका, थोडी जागा सोडा, नाहीतर तिथून पाणी शिरतं. हेल्मेट आधी भांड्याच्या साबणाने धुवा, तो खारा थर जाऊदे, नीट वाळवा, आणि पावसात "वाळलं" यावर विश्वास ठेवू नका, पंख्याखाली ठेवा. लावताना मधून कडेकडे दाबत जा, जुनं एटीएम कार्ड फडक्यात गुंडाळून घेतलं तरी चालतं. गमाची पूर्ण पकड यायला साधारण २४ तास लागतात, तोपर्यंत ते हेल्मेट घेऊन पावसात जाऊ नका. मॅट हेल्मेटवर पकड थोडी कमी येते, तिथे तुकडे अजून लहान करा. मार्क झाकू नका, हवेची छिद्रं झाकू नका. बस. एका हेल्मेटला लागणारी शीट म्हणजे आमच्याकडच्या कचऱ्यातली कातरण, तीस-चाळीस रुपयांत काम होतं, चहा-वड्याच्या हिशोबात.

आता वाटपवाले. वाढदिवस, स्थापना दिन, निवडणुकीच्या आधीचा सीझन, की हेल्मेट वाटप ठरलेलं. हेतू चांगला आहे, त्यावर मी बोलत नाही, आमच्या भागात ज्याने कधी हेल्मेट विकत घेतलं नसतं त्याच्याही डोक्यावर त्यामुळे काहीतरी येतं. पण ऑर्डर कशी येते ऐका. हेल्मेटं शंभर, दोनशे, कधी पाचशे. स्टिकर कुठे? कपाळावर साहेबांचा फोटो, एका बाजूला चिन्ह, दुसऱ्या बाजूला "सौजन्य", मागे पुन्हा नाव, खाली कार्यकर्त्यांची नावं, त्यातल्या एकाचं नाव राहिलं तर रात्री अकराला फोन. मी दरवेळी विचारतो, मागचं नाव दोन बोटं वर घेऊ का, खाली रिफ्लेक्टिव्ह पट्टी मारू, पैसे नको वाटल्यास. उत्तर एकच, "नाव मोठा दिसाक व्हया." अहो, पण रात्री ते नाव दिसणारच नाहीये! तुमचं नाव काळ्या हेल्मेटवर साध्या पिवळ्या विनाईलमध्ये आहे, अंधारात ते दिसतं फक्त फोटोग्राफरच्या फ्लॅशला, आणि तेही नीट नाही. उलट रिफ्लेक्टिव्ह शीटमध्ये नाव कापलं तर मागच्या प्रत्येक गाडीला ते रस्ताभर वाचता येईल. हे मी एका कार्यकर्त्याला बोललो तेव्हा त्याचे डोळे एकदम मोठे झाले, म्हणजे दिसण्याच्या गोष्टी दिसण्याच्याच भाषेत सांगाव्या लागतात बहुतेक.

तर माझी मागणी साधी आहे. हेल्मेट वाटणाऱ्यांनी, मग ते पक्ष असोत, मंडळं असोत, पतसंस्था असोत, फोटो जरूर लावावा, पण मागची खालची दोन बोटं जागा रिफ्लेक्टिव्ह पट्टीसाठी सोडावी आणि पट्टी लावूनच हेल्मेट हातात द्यावं. रस्ता सुरक्षा अभियान दरवर्षी जानेवारीत असतं, तेव्हा पोलीस आणि आरटीओवाले ट्रॅक्टर-ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावतात, तसंच नाक्यावर उभं राहून हेल्मेटलाही लावून द्यावेत, तालुक्यातले रेडियमवाले कातरण फुकट देतील, मी तर देईनच, बाकीच्यांना पण सांगतो. आणि चाकरमानी गणपतीला मुंबई-ठाण्याहून मोटारसायकलने रात्रीचा प्रवास करत येतात, पेण-माणगावपासून खड्डे चुकवत, त्यांच्यासाठी वाटेत चहा-पाण्याचे स्टॉल लागतातच, तिथे टेबलावर कात्री आणि एक रोल ठेवला तर चहा होईपर्यंत पट्टी लागते. तुमच्या पेपरने वाटपाच्या बातमीत एवढं जरी लिहायला सुरुवात केली की हेल्मेट आयएसआयचं होतं का आणि मागे पट्टी होती का, तरी पुढच्या वाढदिवसाला ऑर्डर बदलून येईल. आम्हाला त्यात एक पैसा कमी मिळत नाही, झालं तर जास्तच मिळेल, तेही कबूल.

फुल रॅपवाल्या पोरांना एवढंच, हौस असेल तर रॅप टाकीला मारा, पत्रा आहे, सोसतो. कुडाळात या, उत्तम करून देतो.

आपला,
एक रेडियमवाला, कुडाळ

ता.क. व्हायझरला काळी फिल्म किंवा नावाची पट्टी कोणी मागू नये. दुप्पट पैसे दिले तरी करत नाही, आणि रात्री तेच व्हायझर लावून घाट उतरणाऱ्याच्या मागे बसायची पण माझी तयारी नाही.